वाढत्या अंगाचे खोगीर : कोवळ्या घोडीला नेमके कोणते बसवावे?

दूधगंगाकाठ :

सर्वांना नमस्कार. मी चिकोडी तालुक्यातील शेतकरी आहे. दर ज्येष्ठात अंकलीहून माउलींचे अश्व आळंदीकडे निघताना पाहतच लहानाचा मोठा झाल्यामुळे दारी एक तरी घोडे असावे ही इच्छा जुनी होती, आणि ती गेल्या दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारात पुरी झाली. घोडी काठेवाडी वळणाची, कुमाईत रंगाची, स्वभावाने गरीब आहे. विकणाऱ्याने ती पुरी चार वर्षांची असल्याचे सांगितले. खांद्याशी उंची ५४ इंच भरते, पण पुठ्ठ्याशी, म्हणजे मागच्या उंचवट्याशी, मोजली तर ती इंचभर जास्तच येते.

अडचण खोगिराची आहे. मुलांना गणवेश घेताना आपण वाढत्या अंगाचा घेतो, तसाच विचार करून मी कानपूरहून साडेसतरा इंची, मध्यम रुंदीचे चामड्याचे खोगीर मागवले. आज ते मोठे वाटले तरी खाली दोन जाड नमदे (लोकरीच्या जाड घड्या) घालावेत आणि घोडीचे अंग भरत जाईल तसा एकेक नमदा कमी करावा, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात खोगीर चालताना पुढे सरकते, तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा) ओढताना घोडी कान मागे टाकून चावायला वळते, आणि अर्धा तास फिरवून खोगीर उतरवले की घामाने भिजलेल्या पाठीवर खांद्यामागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढा भाग कोरडाच राहिलेला दिसतो. घाम नाही म्हणजे तेथे खोगीर टेकत नसावे, असे समजून मी तिसरा नमदा घालण्याच्या विचारात आहे. घोडीच्या पाठीची आणि तोंडाची छायाचित्रे जोडली आहेत. जाणकारांनी सांगावे.

तोबरा :

दादा, तिसरा नमदा कृपा करून घालू नका, आणि आहेत तेही आजच काढा. मी बेळगावच्या बाहेर काही वर्षे घोडे सांभाळतो. खोगीर दुरुस्तीचे थोडे काम शिकलो आहे, त्या जोरावर सविस्तर लिहितो.

आधी वय पाहू. तुमच्या छायाचित्रात खालच्या जबड्यातील मधले दोन दात मोठे आणि पिवळसर आहेत, म्हणजे ते पक्के आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंचे मात्र लहान, पांढरे, मुळाशी निमुळते, म्हणजे अजून दुधाचे आहेत. घोड्याची मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी बदलते, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी आणि कोपऱ्यातील साडेचार वर्षांनी. त्यामुळे तुमची घोडी चारची नसून तीनच्या आसपासची आहे. बाजारात एका वर्षाची चढी बोली नवी नाही, पण खोगिराच्या दृष्टीने हे एक वर्ष फार महत्त्वाचे आहे.

तुमच्या हिशेबातील खरी चूक इंचांची आहे. साडेसतरा इंच हे माप घोड्याचे नसून स्वाराच्या बैठकीचे असते. पुढच्या कमानीपासून मागच्या कडेपर्यंतचे हे अंतर वाढवल्याने घोडीला पुढे वाढायला काहीही जागा मिळत नाही, उलट खोगिराखालच्या गाद्यांची मागची टोके तिच्या पाठीबाहेर जातात. घोड्याच्या पाठीने भार कोठे घ्यावा याला हद्द आहे. ही हद्द पुढे खांद्याच्या फऱ्यामागे सुरू होते आणि मागे शेवटच्या, म्हणजे अठराव्या बरगडीशी संपते. कुशीत बोटांनी शेवटची बरगडी चाचपून ती वर कण्यापर्यंत कोठे जाते ते पाहा आणि तेथे खडूने रेघ मारा. गाद्या या रेघेच्या मागे जात असतील, तर स्वाराचा भार बरगड्यांचा आधार नसलेल्या कमरेवर पडतो. ५४ इंची घोडीच्या पाठीवर साडेसतरा इंची खोगीर बहुधा जातेच.

घोड्याला जे माप लागते ते पुढच्या कमानीच्या रुंदीचे आणि तिच्या कोनाचे. ते तुम्ही मध्यम घेतलेत आणि त्यात दोन नमदे कोंबलेत, म्हणजे मध्यमचे अरुंद केलेत. कोरडे डाग त्यातूनच आले आहेत. घाम न येण्याची दोन कारणे असू शकतात. एक तर तेथे खोगीर टेकतच नसते, किंवा इतके घट्ट दाबते की दाबाखालच्या घर्मग्रंथी काम करीनाशा होतात. यातला फरक ओळखण्यासाठी खरारा न करता, अंगावर धूळ असतानाच एकदा खोगीर घालून फिरवून पाहा. खोगीर टेकत नसेल तेथे धूळ जशीच्या तशी राहील. दाबत असेल तेथे धूळ निघून नमद्याला लागलेली असेल आणि केस चपटे, कधी उलटे फिरलेले दिसतील. बोटांनी दाबल्यावर घोडी पाठ खाली घेत असेल तर शंकेला जागा उरत नाही. हे वेळीच थांबले नाही तर पुढच्या केसगळतीनंतर त्याच जागी पांढरे केस उगवतात आणि ते जन्मभर तसेच राहतात. बाजारात घोडे पाहताना पाठीवरचे असे पांढरे ठिपके शोधावेत, ते त्याच्या आधीच्या मालकाविषयी बरेच सांगतात.

खोगीर पुढे का सरकते याचे उत्तर तुमच्याच मापात आहे. पुठ्ठा खांद्यापेक्षा इंचभर उंच असला की पाठ पुढे उतरती होते. कोवळे घोडे एकसारखे वाढत नाही. कधी मागून उंचावते, कधी पुढून. आयाळ संपते तेथील उंचवटा, ज्याला राइडिंग स्कूलमध्ये विदर्स म्हणतात, तो तर सर्वांत शेवटी वर येतो, आणि तो येईपर्यंत खोगिराला पुढे अडायला काही नसते. अशा वेळी बहुतेक जण तंग आवळतात. त्याने खोगीर थांबत नाही, घोडी मात्र चावायला शिकते. चढ-उतारावरून न्यायचे असेल तर शेपटीखालून जाणारी मऊ दुमची काही महिने लावता येईल, पण आधी ती नुसती बांधून घोडीला तिची सवय करावी.

आता माप कसे घ्यायचे ते सांगतो. रेखाकलेच्या दुकानात वाकवता येणारी पट्टी मिळते. नाही मिळाली तर वीजजोडणीची जाड, आवरणाची तांब्याची तारही चालते. घोडी सपाट जागी, चारही पायांवर सारखा भार देऊन उभी हवी. गोठ्याच्या फरशीला मूत्र वाहून जावे म्हणून उतार असतो, तेथे माप घेऊ नका, खळ्यावर घ्या. समोर गव्हाणही नको, कारण मान खाली गेली की पाठीचा आकार बदलतो. फऱ्याच्या मागच्या कडेपासून दोन बोटे मागे पहिली आडवी रेघ, जेथे पाठ सर्वांत खोल आहे तेथे दुसरी, शेवटच्या बरगडीशी तिसरी, आणि विदर्सपासून तिथपर्यंत कण्यावरून एक लांब रेघ घ्या. तार अलगद उचलून कागदी पुठ्ठ्यावर ठेवा, आतल्या कडेने पेन्सिल फिरवा, तारीख घाला, कापा. पहिला पुठ्ठा खोगिराच्या पुढच्या कमानीत धरला की खोगीर अरुंद आहे की रुंद हे दुकानदाराला विचारावे लागत नाही. असेच पुठ्ठे दर सहा ते आठ आठवड्यांनी करा. वाढत्या घोड्याबाबत याला पर्याय नाही.

खोगीर ठेवताना ते थोडे पुढे, विदर्सवर ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवत आणावे. एका जागी ते आपोआप थांबते. मग कोणाला तरी घोडीचा पुढचा पाय उचलून पुढे ओढायला सांगा आणि तुमचा हात कमानीच्या टोकाखाली घाला. पाय पुढे जाताना फऱ्याचे वरचे टोक किती मागे येते, हे एकदा हाताला कळले की खोगीर मानेवर चढवून ठेवण्याची सवय सुटते. स्वार बसल्यावर विदर्स आणि कमान यांत दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे. दोन गाद्यांमधील पन्हळ शेवटपर्यंत तीन-चार बोटे रुंद हवी आणि तिच्यातून पाहिल्यास पलीकडचा उजेड दिसला पाहिजे.

थोडक्यात, या घोडीसाठी आत्ता मापाचे महाग खोगीर करून घेऊ नका आणि मोठे घेऊन भरतही बसू नका. ज्याची पुढची लोखंडी कमान स्क्रू काढून अरुंद-रुंद बदलता येते असे सिंथेटिक खोगीर, शक्य तर वापरलेले, आखूड बैठकीचे घ्या. दोन-तीन वर्षांत तिची पाठ ठरली की मग चामड्याचे.

खानापूरचा पाऊस :

तोबरा यांचे विवेचन उत्तम आहे, पण ज्या प्रश्नाची मुळी गरजच नाही तो आपण सोडवत बसलो आहोत, असे मला नम्रपणे वाटते. आमच्याकडे आजोबांच्या काळी शिंगराला पहिली दोन वर्षे लाकडी सांगाड्याचे खोगीर कोणी घालत नसे. धनगरी घोंगडीची चार पदरी घडी, तिच्यावर कापसाची गादी आणि रुंद तंग एवढ्यावर घोडे तयार होत. घोंगडी पाठीच्या आकाराप्रमाणे बसते, घोडे वाढले की तीही तशीच बसते, आणि तिला ना अरुंद कमान असते ना मध्यम. शिवाय जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात चामड्यावर चार दिवसांत बुरशी येते; घोंगडी चुलीच्या उबेला टाकली की वाळते. सांगाडा नसलेले खोगीरच दादांनी का घेऊ नये?

तोबरा :

घोंगडीचा मुद्दा निम्मा मान्य. सांगाड्याचे काम केवळ स्वाराला बसवणे नसून त्याचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरवणे आणि कण्यावर पन्हळ मोकळी ठेवणे हे असते. सांगाडा काढला की भार स्वाराच्या बैठकीच्या दोन हाडांखाली एकवटतो, आणि रिकिबी लावल्या तर त्यांच्या पट्ट्यांखालीही. हलका मुलगा रिकिबीशिवाय दहा-पंधरा मिनिटे बसणार असेल तर तुमच्या आजोबांची पद्धत आजही चांगली आहे. ७० किलोचा माणूस रिकिबीत उभा राहून दुडकी चालवणार असेल तर ती चालणार नाही. घडीला सुरकुती राहिली तर ती दगडासारखी टोचते, हेही लक्षात असू द्या.

बाकी घडीची युक्ती फौजांनाही ठाऊक होती. मोहिमेत घोडे वाळत, पाठी बदलत, म्हणून खोगिराखाली घडीची घोंगडी ठेवून ती कमी-जास्त करीत. ब्रिटिश रिसाल्यासाठी १९१२ साली काढलेल्या खोगिराच्या तर बाजूच्या फळ्याच कमानींवर हलत्या बसवल्या होत्या, म्हणजे घोड्याची पाठ बदलली तरी फळी तिच्याशी जुळती राही. लाकूड-लोखंड बदलत्या पाठीला जुळवून घेत नाही हे त्यांनी त्या काळीच ओळखले होते.

अथणीचा राप्या :

आमचे घराणे चपलांचे, खोगिरांचे नाही, तरी चामडे आणि भरण याविषयी दोन शब्द लिहितो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर आपला बेळगाव जिल्हाही आहे, म्हणून खोगीर घेऊन लोक आमच्याकडेही येतात आणि चामडे चामडेच, असे म्हणतात. तसे नसते. नवी चपल आठवडाभर चावते, तेल पाजले की मऊ पडते आणि पायाची होते. खोगिराचे वरचे चामडे तेलाने मऊ होईल, पण आतला सांगाडा घोडीच्या अंगाला कधीही ‘पडणार’ नाही. चार दिवस वापरले की बसेल, असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

तंगाच्या पट्ट्या, रिकिबीचे पट्टे, उसवलेली शिवण ही कामे आमच्याकडे जरूर आणा. गाद्या मात्र कोणाकडूनही भरून घेऊ नका. मराठीत निरुपयोगी गोष्टींच्या गर्दीला खोगीरभरती म्हणतात, ते उगीच नाही. गादीत काय काय निघते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जुना कापूस, काथ्या, फोमचे तुकडे, एकदा तर पोत्याची चिंधीसुद्धा निघाली. कापूस घाम पितो आणि त्याच्या गाठी होतात, मग त्या गाठींवर स्वार बसतो. भरण लोकरीचेच हवे, मोकळे पिंजलेले. आणि नवे भरले असेल तर पहिल्या काही महिन्यांत ते दबते, म्हणून परत दाखवावे. वापरलेले खोगीर घेताना मागची कड मांडीला टेकवून पुढची कमान दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून पाहा. करकर आवाज आला किंवा बैठक मधेच दुमडली तर सांगाडा मोडलेला आहे. ते फुकट मिळाले तरी घरी आणू नये.

टापांचा वैद्य :

मी रायबाग भागात पशुवैद्यक म्हणून काम करतो. आतापर्यंत सर्वांनी खोगिराविषयी लिहिले आणि ते बरोबरच आहे, पण खोगिरावर कोण बसणार हे कोणीही विचारलेले नाही.

दादा, घोडीचा छातीचा घेर तंगाच्या थोडा मागे सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणून, त्यास लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. किलोमध्ये वजनाचा चांगला अदमास येतो. तुमचे स्वतःचे आणि खोगिराचे वजनही कळवा.

दूधगंगाकाठ :

घेर १५२, लांबी १३८. उत्तर २६८ किलो येते. माझे वजन ७२ आणि खोगीर, रिकिबी व नमदे मिळून ८ किलो.

टापांचा वैद्य :

म्हणजे ८० किलो, घोडीच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के. पूर्ण वाढलेल्या, कामाची सवय असलेल्या घोड्यासाठी साधारण २० टक्क्यांची मर्यादा धरतात. हलक्या स्वारीच्या घोड्यांवरील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २५ आणि ३० टक्के भाराखाली घोड्यांचे स्नायू दुखावल्याची व कडक झाल्याची चिन्हे १५ आणि २० टक्क्यांच्या तुलनेत स्पष्ट दिसली होती. आणि ते घोडे प्रौढ होते. तुमची घोडी तीन वर्षांची आहे. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा खालून वर अशा क्रमाने पक्क्या होत जातात: खुराजवळच्या आधी, गुडघ्याच्या वरच्या साधारण दोन ते अडीच वर्षांनी, आणि कण्याच्या मणक्यांच्या सर्वांत शेवटी, पाच-सहा वर्षांच्या सुमारास. म्हणजे ज्या भागावर खोगीर ठेवायचे तोच भाग सर्वांत उशिरा तयार होतो. गुडघे पक्के झाले म्हणजे घोडे स्वारीला तयार झाले, ही समजूत यामुळेच धोक्याची आहे. लग्नसराईत दोन-दोन वर्षांची घोडी जड खोगीर, झूल आणि नवरदेव घेऊन तासन् तास वरातीत नाचवलेली मी पाहतो. सहा-सात वर्षांच्या वयात त्यांच्या पाठी तपासायला माझ्याकडे येतात, तेव्हा करण्यासारखे थोडेच उरलेले असते.

घरात ४० किलोच्या आतले, बसता येणारे कोणी असेल तर हलक्या खोगिरासह आठवड्यातून तीन-चार वेळा, पंधरा-वीस मिनिटे, मुख्यतः चालीने फिरवायला हरकत नाही. तुम्ही स्वतः तिला हाताने, लांब दोराने आणि मागे चालत लांब लगामांनी शिकवा. त्यासाठी तंगाची सवय लागावी म्हणून नुसता रुंद पट्टा पुरतो. ती पुरी पाचची झाल्यावर अंगाने ३०० किलोच्या पुढे गेली, तरीही २० टक्के म्हणजे ६० किलोच होतात. तुमच्यासाठी ही घोडी कदाचित कधीच नव्हती, हे सांगताना मला बरे वाटत नाही.

दूधगंगाकाठ :

शेवटचे वाक्य दोनदा वाचले. त्या रात्री उत्तर लिहिले नाही. आज सात आठवड्यांनी लिहितो आहे.

धुळीची परीक्षा दुसऱ्याच दिवशी केली. कोरड्या डागांच्या जागी धूळ राहिली नव्हती, केस उलटे फिरले होते. म्हणजे दाबच होता. कानपूरचे खोगीर गडहिंग्लजच्या एका गृहस्थांना त्यांच्या मोठ्या मारवाडी घोड्यासाठी घाट्यात विकले, अर्थात त्यांच्या घोड्याच्या पाठीचा कागदी पुठ्ठा काढून, कमानीत धरून पाहिल्यानंतरच. त्यानंतर चार आठवडे घोडीच्या पाठीवर काहीही ठेवले नाही. केस पूर्ववत झाले आहेत, पांढरे अजून आलेले नाहीत, तरी केसगळतीनंतर काय दिसेल ते दिसेल.

बदलत्या कमानीचे, सोळा इंची बैठकीचे वापरलेले सिंथेटिक खोगीर बेळगावात मिळाले. मांडीला टेकवून ओढून पाहिले, आवाज आला नाही. रिकिबींसह ते साडेपाच किलो भरते. माझी मुलगी चौदा वर्षांची, ३७ किलोची आहे. बेरीज साडेबेचाळीस, म्हणजे जवळपास १६ टक्के. ती गेले दोन आठवडे चालीने फिरवते आहे, आणि तंग ओढताना घोडी आता चावायला वळत नाही, फक्त एक कान मागे करते.

काल मापाचे दुसरे कागदी पुठ्ठे केले. पहिल्या आणि कालच्या पुठ्ठ्यात पुढच्या रेघेला डाव्या बाजूस अर्ध्या बोटाचा फरक आहे, उजव्या बाजूस मात्र जवळजवळ नाही. घोडीची मागची उंची अजून खांद्यापेक्षा जास्तच आहे. दोन खांदे असे विषम असणे हा माझ्या मोजण्याचा दोष आहे की घोडी खरोखर तशी आहे? आणि तशी असेल तर कमान कोणत्या बाजूप्रमाणे निवडावी?

तोबरा :

आधी घोडीला उलट दिशेला तोंड करून उभी करा आणि पुन्हा मोजा. फरक त्याच खांद्यावर राहिला तर तो घोडीचा आहे, दुसऱ्या खांद्यावर गेला तर खळ्याच्या उताराचा. पुष्कळ घोड्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो, कोवळ्या वयात तर अधिकच. कमान नेहमी भरलेल्या बाजूप्रमाणे, म्हणजे रुंद निवडायची आणि उतरत्या बाजूच्या गादीखाली नमद्याचा पातळ तुकडा घालून भर द्यायची. उलट केले तर भरलेला खांदा चिमटीत सापडतो आणि घोडी त्या बाजूला वळायचे टाळू लागते. मुलगी फिरवत असताना तुम्ही मागून चालत जाऊन बघा, खोगीर एका बाजूला कलते का. कलत असेल तर छायाचित्र टाका, मागून आणि अगदी मधोमध उभे राहून काढलेले.

दूधगंगाकाठ :

उलटे उभे करून मोजले. फरक डाव्याच खांद्यावर आहे. रुंद कमान बसवून उजवीकडे तुकडा घालतो आणि रविवारी छायाचित्र टाकतो.